बुल टेरियर भिंगरीसारखा फिरतोय? हसण्याआधी हे तपासा

बुल टेरियर पाळणाऱ्यांचे मला जे फोन येतात त्यातले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात: ‘काका, हा स्वतःभोवती फिरतच सुटलाय.’ माझ्या घरात अठरा वर्षांत तीन बुल टेरियर झाले. गोटू, चिंगी आणि आता बटाटा. तिघंही कधी ना कधी फिरली. शिवाय ओळखीपाळखीतली दहा-बारा कुत्री जवळून बघितली. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. त्यामुळे एक खोड लागलीय, काही बिघडलं की आधी वहीत मांडायचं आणि सोप्या पायरीपासून सोडवत जायचं. तीच रीत इथे लिहितो.

लक्षणं

- कुत्रा एका जागी गरागरा फिरतो, कधी शेपूट धरायला, कधी नुसताच. बहुतेकदा एकाच दिशेने.
- वेळ किंवा जागा ठरलेली असते. आमच्याकडे संध्याकाळी साडेसहानंतर, टीव्ही आणि जेवणाच्या टेबलामधली जागा.
- फिरताना चेहरा ओळखीचा राहत नाही. डोळे मोठे, नजर कुठेतरी लांब.
- थांबला की धापा टाकतो, पाणी पितो आणि पाच मिनिटांत परत सुरू.
- शेपटीच्या टोकाचे केस गेलेत, खपली धरलीय, किंवा भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला तांबडे शिंतोडे दिसतात.
- मध्ये कुणी आलं तर गुरगुरतो.

ही सगळी लक्षणं एकदम असतीलच असं नाही. पहिल्या दोनांवरच लक्ष गेलं तर नशीबवान समजा.

आता बिघाड कोणता नाही तेही सांगतो, कारण या जातीत विचित्र वाटणारं पुष्कळ काही सरळ असतं. अंघोळ झाली की बूड खाली दाबून, कान मागे टाकून घरभर सुसाट सुटणं, सोफ्यावरून पलंगावर, पलंगावरून दारात, हे फिरणं नव्हे. दोन मिनिटांचा उत्सव असतो, आपण फुलदाणी उचलून बाजूला व्हायचं. दुसरी गंमत म्हणजे समाधी. चिंगी बाल्कनीत वाळत घातलेल्या साडीखाली जायची. पदराची कड पाठीला जेमतेम टेकेल अशी उभी राहायची आणि मग एकेक पाऊल इतकं सावकाश टाकायची, की नवीन माणसाला वाटावं हिला अर्धांग झालंय. काही कुत्री मनीप्लांटच्या लोंबत्या पानांखाली हेच करतात. एरवी कुत्रा ठणठणीत असेल आणि हाक मारल्यावर भानावर येत असेल, तर या समाधीने काही बिघडत नाही. फक्त वहीत नोंद ठेवा. का, ते पुढे येईल.

सगळ्यात आधी: थांबतो का?

बाकीच्या सगळ्या तपासण्या या एका उत्तरावर उभ्या आहेत. कुत्रा फिरायला लागला की जवळ न जाता तीन गोष्टी करून बघा.

एक, नेहमीच्या आवाजात नाव घ्या. थांबला तर ही पहिली पायरी. दोन, फ्रिजचं दार उघडा किंवा फिरायला नेण्याच्या पट्ट्याची कडी वाजवा. नावाला नाही पण याला थांबला, तर दुसरी पायरी. तीन, उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्या वाटेत टाका. तोंडाजवळ हात न्यायचा नाही, लांबून टाकायचा. बुल टेरियर चिकनलासुद्धा थांबत नसेल तर ती तिसरी पायरी, आणि तिसऱ्या पायरीवाल्याने पुढचं वाचत न बसता डॉक्टरांची वेळ घ्यावी. घरगुती उपाय तिथे संपतात.

पहिल्या पायरीला घरातले बदल बहुधा पुरतात. दुसरीला घरातले बदल करा, पण दोन आठवड्यांची मुदत घाला. त्यात आकडा खाली आला नाही तर डॉक्टर.

आकडा म्हणजे काय? दोनशे पानी वही घ्या. रोज चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता, कुठे, त्याच्या आधी घरात काय चाललं होतं, किती मिनिटं. एक-दोन व्हिडिओ काढा, पण कोपऱ्यात मोबाइल टेकवून, हातात धरून नाही. आपल्याला सगळ्यांना वाटतं की आपल्याला आठवतं. मला वाटायचं बटाटा ‘दिवसभर’ फिरतो. वहीत आठवड्याची बेरीज केली तर रोजची जेमतेम बावीस मिनिटं निघाली, आणि त्यातली अठरा संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात. डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर मी त्याची सकाळ बदलत बसलो असतो.

प्रेक्षक घालवा

फुकटातला उपाय, आणि घरच्या मंडळींमुळे सगळ्यात अवघड. गोटू सात महिन्यांचा असताना पहिल्यांदा फिरला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पाहुणे आले की ‘गोटू, भिंगरी!’ म्हणून त्याला चढवायचो. गोटू दीड वर्षाचा झाला तोवर तो आम्ही नसतानाही फिरत होता आणि शेपटीचं टोक कायमचं सोललेलं असायचं. दोष सगळा टाळ्यांचा नव्हता, घडण त्याच्यात होतीच. पण वारा आम्ही घातला.

या जातीला आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे फार आवडतं. हसणं बक्षीस, ओरडणंही बक्षीसच. ‘अरे थांब, थांब!’ म्हणून मागे पळणं म्हणजे तर त्याच्या लेखी खेळात गडी वाढला. म्हणून फिरायला लागला की कुणी बोलायचं नाही, बघायचं नाही, शूटिंग नाही. लांबून एखादा साधा आवाज करून थांबवा आणि थांबल्यावर लगेच खाऊ देऊ नका. लगेच दिलात की तीन दिवसांत तो हिशेब मांडतो: फिरलं की डबा उघडतो. हुशार जात आहे, फक्त हुशारी स्वतःच्या सोयीने वापरते. मधे एक काम घाला. आम्ही बटाट्याला शांत वेळी ‘चटई’ शिकवली, म्हणजे कोपऱ्यातल्या चटईवर जाऊन बसायचं. थांबला, चटईवर गेला, अर्धा मिनिट बसला, मग त्याच्या कोरड्या खाण्याचे दाणे.

मारू नका. पाण्याचा फवारा, शॉकचा पट्टा, शेपटीला मिरची किंवा कडू काहीतरी लावणं, हे सगळं मी लोकांना करताना बघितलंय. ताण वाढला की फिरणं वाढतं, आणि मिरची लावलेल्या शेपटीची आग होते म्हणून कुत्रा तिला आणखीच चावतो.

कवडसे, सावल्या, आवाज

बटाट्याची संध्याकाळची अठरा मिनिटं इथे सापडली. आमच्या हॉलमध्ये छताला पंखा आणि त्याच्या थोडा वर, भिंतीला दिवा. संध्याकाळी दिवा लागला की पात्यांची सावली टेबल आणि टीव्हीच्या मधल्या फरशीवर गरगरायची. माणसाच्या डोळ्यांना सवय झालेली असते. बटाटा आधी सावली पकडायला जायचा, ती सापडायची नाही, मग वळून शेपटी धरायचा. फरशीवर आडवा झोपून त्याच्या उंचीवरून बघितलं तेव्हा मला ते कळलं. बायकोने विचारलं, आता तुम्हालाही लागली का ही सवय? दिवा दुसऱ्या भिंतीला हलवला. वायरमनची मजुरी तेवढी लागली. दहा दिवसांत आकडा बावीसवरून सहावर आला.

तुम्हीही एकदा कुत्र्याच्या उंचीवरून घर बघा. मनगटी घड्याळाचा कवडसा, स्टीलच्या ताटाची चमक, माशांच्या टाकीचं हलतं पाणी, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब. आणि लेझरचं लाल टिंब कुत्र्यासमोर कधीही, अगदी एकदाही नाही. जे पकडताच येत नाही त्याच्या मागे लागलेलं कुत्रं शेवटी जे पकडता येतं त्याच्या मागे लागतं. फिरण्याची ओढ असलेल्या जातीत हा खेळ म्हणजे विकतचं दुखणं.

आवाजाचंही तसंच. दिवाळीतले फटाके सगळ्यांच्या लक्षात येतात. पुण्यात मात्र खरी परीक्षा पावसाळ्यात होते, ढोल-पथकांचे सराव सुरू झाले की. आमचं घर नदीपात्रापासून लांब नाही. वहीत सलग दोन वर्षं जुलै-ऑगस्टमध्ये आकडे चढलेले दिसतात. त्या दिवसांत सरावाच्या वेळी बटाटा आतल्या खोलीत, पडदे ओढून, पंखा मोठा करून, चघळायला काहीतरी देऊन. ढोल थांबवणं आपल्या हातात नाही, खोली बदलणं आहे.

शेपूट आणि मागचा भाग हाताने तपासा

इथे पैसे लागत नाहीत, फक्त नाक थोडं घट्ट करावं लागतं. कुत्रा शांत असताना शेपटीच्या बुंध्यापासून टोकापर्यंत बोटं फिरवा. कुठे गाठ, जखम, गरम भाग, किंवा दाबल्यावर वळून बघणं. शेपटीखाली, कानांत, पायांच्या बोटांमध्ये गोचीड आहेत का बघा. कंबरेपाशी केस उलटे करून काळी भुकटी दिसली तर ती पिसवांची विष्ठा असते. ओल्या कापसावर टाकून बघा, तांबूस उतरली तर पिसवा नक्की. गुदद्वाराभोवती तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर पट्टकृमी.

चिंगीचं दुखणं इथेच होतं. चार वर्षं ती कधी फिरली नव्हती, मग एकदम सुरू झाली, तेही फक्त डावीकडे. दोन फेऱ्या मारायची, खाली बसायची आणि आपल्याच बुडाकडे असं बघायची जणू मागून कुणीतरी हाक मारलीय. मग बूड फरशीवर घासत पुढे सरकायची. वास सुकटीचा. गुदद्वाराच्या दोन बाजूंना ग्रंथी असतात, त्या तुंबल्या होत्या. डॉक्टरांनी पाच मिनिटांत मोकळ्या केल्या आणि फिरणं त्याच दिवशी बंद. नंतर वर्षातून दोन-तीनदा तेच व्हायचं आणि तोच इलाज. घरी दाबायला जाऊ नका. चुकीच्या दाबाने आत फुटली तर गळू होतो.

गोरी कातडी आणि तोकडे केस असल्यामुळे पांढऱ्या बुल टेरियरला अंगाची खाज पटकन दिसते. पोट लाल, बोटांमधले केस चाटून चाटून विटकरी. अशा कुत्र्याचं फिरणं ही बरेचदा खाजच असते, फक्त खाजवायला जागा पोहोचत नाही. जंताचं आणि पिसवा-गोचिडांचं औषध वेळच्या वेळी देता का, हे वहीत मागे जाऊन बघा. मी विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. तारीख विचारली की शांतता.

दिवस कसा जातो

फिरणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला प्रत्येक जण सांगतो, ‘दमवा त्याला.’ अर्धं खरं आहे. सकाळी दहा मिनिटं खाली, संध्याकाळी दहा मिनिटं खाली आणि मधे बारा तास फ्लॅटमध्ये, यात बुल टेरियर बिघडणारच. ही जात मुळात मजूर बांध्याची, तिला काम लागतं. पण दमवणं म्हणजे टेरेसवर पन्नास वेळा चेंडू फेकणं नव्हे. त्याने अंग दमतं, डोकं मात्र तापतं, आणि घरी आल्यावर तेच तापलेलं डोकं गोल फिरतं. माझ्या ओळखीतला एक तरुण रोज तासभर चेंडू फेकायचा आणि त्याचा कुत्रा रोज घरी येऊन पाऊण तास फिरायचा. चेंडू बंद करून तोच तास लांब दोरीवर हुंगत चालण्यात घातला, प्रत्येक खांबाचं सावकाश वाचन करू दिलं. महिन्याभरात फिरणं निम्म्याच्या खाली आलं.

मोठ्या, तब्येतीने नीट कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी चाळीस-पन्नास मिनिटं, त्यात निम्मा वेळ हुंगण्याला. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत परत यायचं, पांढऱ्या कातडीला ऊन भाजतं. एक वेळचं जेवण ताटात न देता टेरेसच्या फरशीवर दाणे विखरून द्या. बटाट्याला वाटीभर दाणे शोधायला वीस मिनिटं लागतात आणि नंतर तो असा झोपतो जसा लग्नात जेवलेला मामा.

झोपेकडे मात्र कुणी बघत नाही. पिल्लाला दिवसातून सोळा-अठरा तास झोप लागते. चार महिन्यांचं पिल्लू संध्याकाळी वेड्यासारखं करतंय, फिरतंय, चावतंय, म्हणून लोक त्याला आणखी खेळवतात. ते झोपेला आलेलं असतं, अगदी आपल्या नातवंडांसारखं. अंधाऱ्या कोपऱ्यात बिछाना, मुलांना तिकडे बंदी, आणि दुपारी ठरलेल्या वेळी पडदा. पलंगाखाली गेलं तर जाऊ द्या.

चघळायला घट्ट रबराची पोकळ खेळणी चालतात, आत दहीभात भरून गोठवलेली. शेंगदाण्याचं बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल हा शब्द नाही ना हे वाचा, कुत्र्यांना ते विष आहे. आणि या जातीबद्दल एक कायमची सूचना: ते जे फाडतात ते गिळतात. मोजे, खेळण्याचा कान, रिमोटची बटणं. दोर लोंबणारी किंवा चिंध्या निघणारी खेळणी देऊन समोरून उठू नका.

ऐकू येतं का?

ही तपासणी मी मुद्दाम इथे ठेवलीय, कारण वरची ‘थांबतो का’ परीक्षा निम्मी कानांवर उभी आहे. बहिऱ्या कुत्र्याला नावाने थांबवायला गेलात तर तो चुकीच्या पायरीवर जाऊन बसतो.

बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सने 1860च्या आसपास ही जात पांढरी म्हणून घडवली. बुलडॉग, आता नामशेष झालेला इंग्लिश व्हाइट टेरियर आणि डाल्मेशियन यांच्या संकरातून. शुभ्र रंगाबरोबर बहिरेपणही आलं. पांढऱ्या बुल टेरियरांत सुमारे पाचातला एक, एका किंवा दोन्ही कानांनी बहिरा निघतो. रंगीत कुत्र्यांत हेच प्रमाण शंभरात एक-दोन.

घरी बघायचं तर कुत्रा गाढ झोपलेला असताना मागून किल्ल्यांचा जुडगा हलवा. पाय आपटायचे नाहीत, फरशीतून धक्का जातो. टाळी अगदी जवळ वाजवायची नाही, वारा लागतो. दोन-तीनदा करूनही कान हलला नाही तर संशय घ्या. एका कानाचा बहिरेपणा घरी नीट कळत नाही. कुत्रा आवाज आल्यावर आधी चुकीच्या बाजूला बघतो, एवढंच जाणवतं. खात्रीची चाचणी बेअर नावाची, डोक्याला बारीक इलेक्ट्रोड लावून करतात, आणि ती मोजक्याच ठिकाणी होते. पण बहिरा कुत्रा हे काही संकट नाही. हाताच्या खुणा आणि फरशीवर पायाने हलका ठोका, एवढं शिकवलं की काम चालतं. फक्त झोपेत हात लावून दचकवू नका.

डॉक्टरांकडे: स्वस्तापासून महागाकडे

घरातलं सगळं करून झालं, दोन आठवडे गेले, वहीतला आकडा हलला नाही. आता जा. गोळी मागायला नव्हे, दुखणं आहे का ते शोधायला.

पहिल्या भेटीत ग्रंथी, कातडी, शेपटीचं हाड, कंबर हाताने बघितली जाते. मग रक्त आणि लघवी. रक्तात गोचीड-तापाच्या खुणा आपल्या भागात बघायलाच हव्यात. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण तपासायला स्वतःहून सांगा, कारण बुल टेरियरमध्ये मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार असतो आणि तो बाहेरून बराच काळ दिसत नाही. त्याचा फिरण्याशी थेट संबंध नसेलही. पण पुढे औषध सुरू करायची वेळ आली तर ते यकृत-मूत्रपिंडातूनच जाणार, म्हणून हा आकडा आधी हातात हवा. कंबर दाबल्यावर कुत्रा आखडला तर एक्स-रे. इथपर्यंतचा खर्च हजारांत असतो, पण झेपण्यासारखा.

त्यापुढे मेंदूचा प्रश्न. काही वेळा फिरणं हे आकडीचं एक रूप असतं. फिरता फिरता पडणं, तोंडाला फेस, नकळत लघवी, नंतर घरातल्या माणसांना न ओळखणं, यातलं काहीही व्हिडिओत आलं तर तो व्हिडिओ सगळ्यात आधी दाखवा. एमआरआय वगैरे भुलीखाली होतं, खर्च पाच आकडी, आणि डॉक्टरांनी कारण सांगितल्याशिवाय करू नये असं माझं स्पष्ट मत. दुसरं मत हवं असेल तर मुंबईकरांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आम्हा पुणेकरांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय.

दुखणं काहीच सापडलं नाही आणि कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असेल, तर मग हा मनाचा आजार म्हणून बघावा लागतो. माणसं कुलूप दहादा तपासतात, त्या जातीचा. यावर बरंच काम याच जातीवर झालंय. 2011 साली अमेरिकेत 333 बुल टेरियरांचा अभ्यास छापून आला. शेपटीमागे फिरणाऱ्यांत नर थोडे जास्त निघाले, आणि फिरण्याबरोबर समाधी लागणं आणि मधूनच अचानक येणारी आक्रमकता यांचा संबंध दिसला. वर समाधीची नोंद ठेवा म्हटलं ते यासाठी. नुसती समाधी असेल तर कौतुक करा. समाधी, फिरणं आणि गुरगुर तिन्ही एकत्र आली तर डॉक्टरांना तिन्ही सांगा. 2012 साली फिनलंडच्या संशोधकांना आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांत फिरणं जास्त दिसलं. संबंध म्हणजे कारण नव्हे हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं, तरी पाच आठवड्यांचं पिल्लू विकणाऱ्याकडून ते घेऊ नका एवढं नक्की सांगेन.

गोटूला शेवटी औषध लागलं. फ्लुओक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीन ही यातली नेहमीची नावं. नाव इथे लिहिलंय ते तुम्ही डॉक्टरांशी बोलू शकावं म्हणून, दुकानातून आणण्यासाठी नाही. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात आणि लोक दुसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात. एकदम बंद करायचं नसतं, उतरवत आणावं लागतं. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा: गोचिडांसाठी अमिट्राझचं औषध अंगाला लावता का. त्या औषधाचं आणि या गोळ्यांचं पटत नाही. गोळी चालू असतानाही दिवा, चटई, हुंगणं हे सगळं चालूच ठेवावं लागतं. गोटूचं फिरणं गोळीने शून्य झालं नाही. दिवसाला दोन तासांवरून दहा मिनिटांवर आलं आणि ती दहा मिनिटं नावाने थांबायची. आम्ही तेवढ्यात आनंद मानला.

शेपूट कापून टाकली तर? एका घरी हे बोलणं चाललेलं मी ऐकलंय. फिरण्याची ओढ शेपटीत नसते. शेपूट गेली तरी कुत्रा फिरतो, मग बुंधा चावतो. टोक सडलं म्हणून डॉक्टरांना कापावं लागलं तर गोष्ट वेगळी.

इथे थांबा, घरगुती प्रयोग बंद

- चिकन टाकूनही थांबत नाही, किंवा रोजची बेरीज तासाच्या वर गेली.
- शेपटीतून रक्त येतंय, हाड दिसतंय, घाण वास सुटलाय. त्याच दिवशी जा.
- थांबवायला गेलेल्या माणसावर दात आले. पुन्हा हात घालू नका, पट्टा धरून ओढू नका. घरात लहान मूल असेल तर मधे दार हवं.
- मोठ्या वयाचा कुत्रा आयुष्यात पहिल्यांदा फिरायला लागला. पिल्लाची खोड वेगळी, सात वर्षांच्या कुत्र्याचं अचानक फिरणं वेगळं.
- मान एका बाजूला कललीय, चालताना झोक जातोय.
- आकडीची शंका.
- फिरण्याबरोबर उलट्या आणि अन्न बंद. बहुधा काहीतरी गिळलंय, आणि ते फिरण्यापेक्षा आधी बघायचं.

ट्रेनर यातल्या एकाही गोष्टीसाठी नव्हे. ‘चार दिवसांत सरळ करतो’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

जाताना वही, दोन व्हिडिओ, चालू औषधांची आणि जंत-गोचिडांच्या औषधाच्या तारखांची चिठ्ठी बरोबर घ्या. त्याच्या आवडीचं खाणं खिशात. शेपटीला घरून बँडेज बांधून नेऊ नका. गोटूने ते रिक्षातच सोडवलं आणि स्वारगेट यायच्या आत गिळलं. त्या दिवशी डॉक्टरांना शेपटीआधी पोट बघावं लागलं.